गॅरेजमधलं पिस्तूल आणि नसलेला नंबर

अमेरिकेत घरी बसून पिस्तूल बनवणं हा अनेकांचा छंद आहे, आणि तो बेकायदाही नाही. मग तिथलं सर्वोच्च न्यायालय एका किटच्या खोक्यापाशी का अडलं? आणि त्याचा आपल्याशी काय संबंध?

जुनी आरएक्स १०० शोधून काढायची, पार शेवटच्या नटापर्यंत खोलायची, टाकी घासून पुन्हा रंगवायची, सीट नव्याने शिवून घ्यायची आणि रविवारी सकाळी किक मारून तो आवाज कानात साठवायचा. हे वेड असलेला एखादा तरी पोरगा प्रत्येक कॉलनीत सापडतो. त्याला खर्च विचारू नका, वेळ तर अजिबात विचारू नका. शोरूममधल्या नव्या गाडीपेक्षा ही महागात पडते, पण 'ही मी केली' असं म्हणण्याचं सुख शोरूममध्ये मिळत नाही.

आता याच वेडाची अमेरिकन आवृत्ती डोळ्यासमोर आणा. गॅरेज तसंच, कानस तीच, पॉलिश पेपर तोच, शिकवायला यूट्यूबही तेच. फक्त टेबलावर इंजिनाच्या जागी पिस्तूल आहे. सुटे भाग आणून ते घरी जुळवायचं, घासायचं, चकाकवायचं आणि स्वतःच्या हाताच्या मापाचं करून घ्यायचं, हा तिथे लाखो बंदूकप्रेमींच्या जगातला एक नेहमीचा, कायदेशीर छंद आहे. आपल्याला ऐकायलाच विचित्र वाटतं. पण गेल्या काही वर्षांत या छंदावरून तिथे जे रण माजलं ते पाहिलं, तर प्रश्न फक्त बंदुकीचा नाही हे लक्षात येतं. हाताने काही बनवण्याचं स्वातंत्र्य कुठे संपतं आणि समाजाला उत्तर देण्याची जबाबदारी कुठे सुरू होते, असा तो प्रश्न आहे.

छंद जुना, माणसं चिकाटीची

या छंदाचं दैवत म्हणजे '१९११' नावाचं पिस्तूल. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने ते रचलं, १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने ते स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत तेच तिथलं अधिकृत पिस्तूल राहिलं. दोन महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे तेच कमरेला. दुसऱ्या महायुद्धानंतर नेमबाजीच्या स्पर्धा वाढल्या, तसे लष्करातले आणि लष्कराबाहेरचे कारागीर या पिस्तुलाला अधिक अचूक करण्याच्या मागे लागले. युद्धासाठी बनवलेलं हत्यार चिखलातही चाललं पाहिजे म्हणून त्याचे भाग थोडे सैल ठेवलेले असतात. स्पर्धेत मात्र एकेका गुणासाठी झगडायचं असतं, तिथे सैल भाग परवडत नाहीत. त्यामुळे प्रत्येक भाग हाताने घासून, पुन्हा पुन्हा लावून बघून, केसभर इकडे-तिकडे करून बसवण्याची एक अख्खी कला तयार झाली.

ही कला शिकवणारी कॉलेजंही आहेत. कोलोरॅडो राज्यातल्या ट्रिनिडॅड गावच्या सरकारी कॉलेजात बंदूक-कारागिरीचा अभ्यासक्रम १९४७ पासून चालतो. नामवंत कारागिराकडून करून घेतलेल्या पिस्तुलाला काही हजार डॉलर मोजावे लागतात. पोलादावरची निळसर-काळी झळाळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, त्यावर हाताने कोरलेली बारीक चौकड्यांची नक्षी. ज्यांना एवढे पैसे द्यायचे नाहीत किंवा ज्यांना स्वतःचे हात काळे करण्यातच मजा येते, ते घरी करतात. महिनोन्‌महिने लागतात. एखादा भाग जास्त घासला गेला की फेकून द्यायचा आणि नवा आणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. हे करणारी माणसं बहुतेक निवृत्तीकडे झुकलेली, हिशेबी, नियम पाळणारी. वर्षातून एकदा ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेला जायचं, आपलं पिस्तूल चार जाणकारांना दाखवायचं, एवढीच त्यांची हौस.

मग भांडण कुठून सुरू झालं?

चेसिस नंबर

आरएक्स १०० वाल्या पोराकडे परत जाऊ. तो टाकी बदलतो, हँडल बदलतो, सायलेन्सरशी खेळतो आणि पोलिसांचा दंडही भरतो. पण गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या चेसिस नंबरला तो हात लावत नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने 'ती गाडी' म्हणजे तो नंबर. बाकी सगळं बदललं तरी आरसी बुकातली गाडी तीच राहते. नंबर खरवडला, की हौशी पोरगा त्याच क्षणी संशयित होतो.

अमेरिकेत बंदुकीचंही असंच आहे. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार बंदुकीचा मूळ सांगाडा, म्हणजे ज्यात बाकीचे भाग बसतात तो तुकडा, हाच कायद्याने 'बंदूक'. कारखानदाराने त्यावर नंबर ठोकायचा. परवानाधारक दुकानदाराने तो विकताना गिऱ्हाइकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायची आणि नोंद ठेवायची. नळी, चाप, मूठ, स्प्रिंगा हे बाकीचे भाग आपल्याकडच्या ब्रेक शूसारखे कुणीही मागवावेत.

गुन्ह्यात एखादं पिस्तूल सापडलं की पोलिस तो नंबर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या केंद्राकडे पाठवतात. तिथे बटण दाबलं आणि मालकाचं नाव आलं, असं होत नाही. देशभरच्या बंदूकमालकांची एकत्र यादी करायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे आधी कारखान्याला विचारायचं, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला, आणि शेवटी पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव हाती लागतं. किचकट काम आहे, पण धागा तरी असतो. नंबरच नसेल तर पहिलं पाऊलसुद्धा पडत नाही.

आता यातली पळवाट बघा. केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी स्वतः बंदूक बनवणाऱ्याला परवाना लागत नाही, आणि तिच्यावर नंबर टाकण्याची सक्तीही नाही. १९६८ मध्ये हे कुणाला फारसं खटकलं नसावं, कारण घरी पिस्तूल बनवायला मशीन लागायची, कसब लागायचं आणि मुख्य म्हणजे सहनशक्ती लागायची. जुने हौशी लोक तर बहुतेक वेळा दुकानातून नंबर असलेला सांगाडाच रीतसर विकत घेतात आणि पुढचं काम घरी करतात. म्हणजे त्यांच्या सगळ्यात देखण्या पिस्तुलावरसुद्धा नंबर असतोच!

एकवीस मिनिटं

मग बाजारात आली किट्स. सांगाडा 'ऐंशी टक्के' तयार. उरलेलं वीस टक्के काम गिऱ्हाइकाने करायचं. 'ऐंशी टक्के' हा कायद्यातला शब्द नव्हे, धंद्यातला. कल्पना अशी, की सांगाडा पूर्ण झालेला नाही, म्हणून तो कायद्याने बंदूक नाही. बंदूक नाही म्हणून नंबर नाही, पार्श्वभूमीची तपासणी नाही, दुकानाचा परवाना नाही. ऑनलाइन ऑर्डर टाका, कुरिअर दारात. एका कंपनीच्या किटचं नावच होतं, 'बाय बिल्ड शूट'. विकत घ्या, जोडा, झाडा.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या किटबद्दल एक तपशील आहे. ज्याने हे किट आधी कधी पाहिलंही नव्हतं, अशा माणसाने घरगुती हत्यारं आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ यांच्या मदतीने एकवीस मिनिटांत पिस्तूल तयार केलं. एकवीस मिनिटं! आपल्याकडे एवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होऊन वरण उतरतं.

पुढचे आकडे त्याच निकालात आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवलेल्या अशा बिननंबरी बंदुका होत्या सुमारे १,६००. २०२१ मध्ये त्या १९,००० च्या वर गेल्या. तिकडे त्यांना 'घोस्ट गन' म्हणतात, म्हणजे भुताची बंदूक. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. हिची तर पावलंच उमटत नाहीत. यातल्या शंभरातल्या एकीचाही माग लागत नाही.

आणि किट मागवणारे सगळेच काही कॅम्प पेरीला जाणारे आजोबा नव्हते. वयामुळे, जुन्या गुन्ह्यामुळे किंवा कोर्टाच्या आदेशामुळे ज्यांना दुकानात उभं केलं जात नाही, त्यांच्यासाठी हा सरळ रस्ता झाला. १४ नोव्हेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा गावच्या सॉगस हायस्कूलमध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. दोन विद्यार्थी गेले आणि शेवटी त्याने स्वतःवरही गोळी झाडली. त्याच्या हातात होतं किटपासून जोडलेलं, पॉइंट ४५ कॅलिबरचं, नंबर नसलेलं पिस्तूल.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेतल्या बंदुकांच्या प्रश्नात घरी जोडलेल्या बंदुकांचा वाटा छोटा आहे. २०२३ मध्ये तिथे ४६,७२८ लोक बंदुकीने मेले. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. पोलिसांच्या हाती लागणाऱ्या बहुतेक बंदुका आजही कारखान्यातल्या, रीतसर नंबरवाल्याच असतात. मग एवढा गदारोळ का? कारण नंबर आणि तपासणी हा तिथल्या कायद्याचा जवळपास एकुलता एक खांब आहे. तोच बाजूला सारता येत असेल, तर बाकीचे नियम फक्त नियम पाळणाऱ्यांपुरते उरतात.

ऑम्लेटचा खटला

२०२२ मध्ये बायडेन सरकारच्या काळात एटीएफ या केंद्रीय संस्थेने नियम बदलला. सहज पूर्ण करता येतील अशी किट्स आणि अर्धवट सांगाडे यांनाही बंदूकच मानायचं. त्यांच्यावर नंबर हवा, विकणाऱ्याकडे परवाना हवा, घेणाऱ्याची तपासणी हवी. घरी बंदूक बनवण्यावर बंदी मात्र घातली नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण सोशल मीडियावर तो पार हरवून गेला.

किट बनवणारे आणि काही बंदूकमालक कोर्टात गेले. ८ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि देशातले नऊ सगळ्यात मोठे न्यायाधीश चक्क स्वयंपाकघरात शिरले. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी सरकारी वकिलांना विचारलं, ओट्यावर अंडी, चिरलेलं हॅम, सिमला मिरची आणि कांदा ठेवलाय, तर ते ऑम्लेट झालं का? नाही, असं उत्तर आलं, कारण या वस्तू इतर पदार्थांतही वापरता येतात. त्यावर न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी विचारलं, आणि तेच सगळं सामान मोजून-मापून एका खोक्यात घालून 'ऑम्लेट किट' म्हणून विकलं तर?

प्रश्न गमतीचा वाटतो, पण सगळा खटला त्यातच आहे. पोह्यांचा पुडा, कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता असं सुटं आणलं तर ते वाणसामान. तेच 'फक्त गरम पाणी घाला' असं छापलेल्या डब्यात आलं, तर आपण त्याला पोहेच म्हणतो.

२६ मार्च २०२५ ला निकाल लागला. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने नियम उचलून धरला. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी. बंदूकप्रेमींचे मित्र मानले जाणारे, ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीश. भाषेचा साधा वापर बघा, असा त्यांचा सूर होता. लेखक आपल्या अपुऱ्या हस्तलिखितालाही कादंबरीच म्हणतो. दुकानातून सुट्या भागांत आणलेलं टेबल हे टेबलच असतं. मग ज्याचा उपयोग पिस्तूल बनवण्याशिवाय दुसरा नाही, ते किट पिस्तूल का नाही? अलिटो आणि क्लॅरेन्स थॉमस यांनी विरोधी मत दिलं.

निकाल मोठा, पण त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्या. शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काबद्दल न्यायालय यात बोललंच नाही. प्रश्न फक्त १९६८ च्या कायद्यातल्या शब्दांचा होता. नियम सरसकट रद्द करता येणार नाही, एवढंच ठरलं. एखादं किट इतकं अपुरं असेल की त्याला बंदूक म्हणणं ओढूनताणून होईल, तर तो वाद पुढे पुन्हा होऊ शकतो. शिवाय ट्रम्प यांनी निकालाआधीच, ७ फेब्रुवारी २०२५ ला, बायडेन काळातल्या बंदूकविषयक नियमांचा फेरआढावा घेण्याचा आदेश काढला होता. कोर्टाने नियम वैध ठरवला म्हणजे सरकारने तो ठेवलाच पाहिजे असं नाही. तो बदलायचा तर सरकारला वाट मोकळी आहे.

हौशी माणसाची बाजू

छंद करणाऱ्यांची बाजू आपल्याकडे सहसा कुणी ऐकत नाही, म्हणून ती नीट मांडू.

त्यांचा पहिला मुद्दा इतिहासाचा. अमेरिका देश होण्याआधीपासून तिथे घरोघरी, गावोगावी बंदुका बनत होत्या आणि सरकार नंबर मागत नव्हतं. दुसरा मुद्दा गुन्हेगाराचा. ज्याला खून करायचाय तो चोरीची बंदूक आणेल, त्याच्यासाठी आम्हाला का जाच? तिसरा मुद्दा विश्वासाचा. आज नंबर मागता, उद्या यादी कराल, परवा दारात येऊन जप्त कराल.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अठराव्या शतकातला कारागीर एक लांब नळीची बंदूक घडवायला दिवसच्या दिवस घालवायचा. त्याची तुलना एकवीस मिनिटांच्या किटशी होत नाही. दुसऱ्या मुद्द्यातही तथ्य आहे. कडक कायदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. जपानसारख्या देशात, जिथे बंदूक बाळगणं जवळपास अशक्य आहे, ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली ती घरी बनवलेल्या बंदुकीनेच. ठरवलेल्या माणसाला थांबवणं अवघड असतं. पण बहुतेक गुन्हे इतके ठरवून होत नाहीत. रागात, नशेत, टोळीच्या भांडणात, हाताशी असेल त्या हत्याराने होतात. हत्यार हाताशी यायला जितके अडथळे, तितके जीव वाचतात.

तिसरा मुद्दा मात्र मनाचा आहे आणि त्यावर आकडे देऊन उपयोग नाही. कॅलिफोर्नियात जुलै २०१८ पासून घरी बनवलेल्या बंदुकीसाठीही सरकारकडून नंबर घ्यावा लागतो. इतरही काही राज्यांनी नियम केलेत. सहा महिने खपून पिस्तूल घडवणाऱ्याला त्यावर एक नंबर कोरून घेणं जड जातं का? तांत्रिकदृष्ट्या बिलकुल नाही. ज्या हातांनी मुठीवर इतकी नक्षी कोरली, त्यांना सहा-आठ आकडे काय अवघड? जड जातं ते 'सरकारला का सांगू' हे. हा अमेरिकन स्वभावाचा पीळ आहे आणि निकालपत्राने तो सुटणार नाही.

मला विचाराल तर या जुन्या छंदाचं सगळ्यात मोठं नुकसान सरकारने केलेलं नाही, किट विकणाऱ्यांनी केलंय. या छंदाला इतकी वर्षं कुणी हात लावला नाही, कारण तो संथ होता. राग आलेल्या माणसाला सहा महिने कानस चालवत बसायला वेळ नसतो. लागणारा वेळ हाच तिथला न लिहिलेला परवाना होता. किटवाल्यांनी तो वेळ काढून टाकला, कारागिरी काढून टाकली आणि 'छंद' हे लेबल तेवढं खोक्यावर चिकटवून ठेवलं.

प्रिंटरचं काय?

किटचा प्रश्न कोर्टात सुटेपर्यंत तंत्रज्ञान पुढच्या स्टेशनवर पोहोचलंय. मे २०१३ मध्ये टेक्सासच्या कोडी विल्सन या पंचविशीतल्या तरुणाने थ्रीडी प्रिंटरवर छापता येणाऱ्या प्लास्टिकच्या पिस्तुलाची फाइल इंटरनेटवर टाकली. सरकारने ती काढायला लावली, पण तोवर लाखभर डाउनलोड झाले होते. ते पिस्तूल बेभरवशाचं होतं. नंतरच्या दहा वर्षांत प्रिंटर स्वस्त झाले आणि आराखडे सुधारले.

४ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये युनायटेड हेल्थकेअर या विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्प्सन यांची भर रस्त्यात हत्या झाली. त्या प्रकरणात पकडलेल्या २६ वर्षांच्या, उत्तम शिकलेल्या तरुणाकडे थ्रीडी प्रिंटरवर केलेलं पिस्तूल सापडलं, असं पोलिसांचं म्हणणं आहे. त्याने आरोप नाकारले आहेत. निकाल काय तो कोर्ट देईल. पण किटच्या खोक्यावर नंबर टाकायला सांगता येतं, फाइलवर कसा टाकणार, हा प्रश्न त्या दिवसापासून टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. वस्तू अडवता येते, माहिती अडवणं महाकठीण. पुढची लढाई तिथे आहे.

आणि आपण?

आपल्याकडे हा छंद होऊच शकत नाही, हे स्पष्ट असू दे. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, बदलता येत नाही, व्यवसाय म्हणून दुरुस्तही करता येत नाही. अमेरिकेत ज्यावर इतका खल झाला, की सुटा भाग बंदूक कधी होतो, त्याचं उत्तर आपल्या कायद्याने व्याख्येतच देऊन टाकलंय. शस्त्राचे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रंसुद्धा 'शस्त्र'च. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बघितलेला व्हिडिओ माफ आहे, केलेला प्रयोग नाही.

म्हणून आपल्याकडे बिननंबरी बंदूक नाही असं थोडंच आहे? आपल्या 'घोस्ट गन'ला आपण गावठी कट्टा म्हणतो. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचं गाव आहे. महाराष्ट्रातल्या किती गुन्ह्यांतल्या पिस्तुलांचा माग तिथे जाऊन पोहोचला, हे क्राइमच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट त्या गावात छापा घालून भट्ट्या मोडल्या. तिथल्या कारागिरांच्या हातात कसब नाही असं कोण म्हणेल? पण त्या कसबाला प्रामाणिक गिऱ्हाईक नाही. भट्टी मोडणं पोलिसांच्या हातात आहे, दुसरं काम देणं त्यांच्या हातात नाही. ते झालं नाही तर भट्टी पुन्हा पेटते. २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेने कुणालाही दिलेला नाही, हे तेव्हा न्यायालयाने स्पष्ट केलं.

अमेरिकेत शिकायला गेलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी ओरिएंटेशनमध्ये सहसा कुणी सांगत नाही. २०२३-२४ मध्ये तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. रूममेटने 'चल, वीकेंडला रेंजवर जाऊ' म्हटलं की आधी हे आठवा. फ्लोरिडात शिकणारा एक परदेशी विद्यार्थी मार्क कमी पडल्याने कॉलेजातून काढला गेला, व्हिसाचा आधार गेला आणि पुढे रेंजवर गोळ्या झाडल्या म्हणून त्याच्यावर खटला झाला. तो २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याला इथे राहण्याचा हक्क उरलेला नाही हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. तत्त्वाचा मुद्दा तो जिंकला खरा, पण तोवर तुरुंग भोगून झाला होता.

आणि ज्यांना खरंच नेमबाजीची, हत्याराच्या बारकाव्यांची ओढ आहे, त्यांच्यासाठी दार बंद नाही. ते कोल्हापूरच्या दिशेने उघडतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत तिथलीच. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ बघा कधी. कारखान्यातून आलेली मूठ नेमबाज आपल्या तळव्यानुसार घासतात, कुठे पुट्टी भरतात, पुन्हा घासतात. चार दिवस सराव करून पुन्हा थोडी बदलतात. मुठीने मनगटाला आधार द्यायचा नाही, चाप किमान ५०० ग्रॅम वजनाचा हवा, हे नियम ठरलेले. स्पर्धेआधी हत्यार तपासलं जातं, नियमात नसेल तर बाहेर. हीसुद्धा 'कस्टम' कारागिरीच आहे, आणि ती मोजून, दाखवून, सगळ्यांसमोर केली जाते.

म्हणून प्रश्न 'छंद चांगला की वाईट' असा विचारला तर उत्तर सापडत नाही. आपण केलेल्या वस्तूवर आपली खूण ठेवायला आपण तयार आहोत का, असा विचारला तर सापडतं. चांगला कारागीर आपल्या कामावर नाव कोरतो. ज्याला आपलं काम कुठून आलं हे कुणाला कळूच नये असं वाटतं, त्याने कानस कितीही सफाईने चालवली तरी तो छंद करत नसतो.